नेम चुकतो कोणाचा?

शिकारी रायफल जुनी होऊन तिचा नेम ढळू लागला, म्हणजे दोष प्रथम शिकाऱ्याच्या हातास व मग नळीस दिला जातो. काडतुसाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आणि ही गोष्ट केवळ हौसेची नव्हे. गोळी चार बोटे सरकली तर जनावर जागच्या जागी पडत नाही. जखम घेऊन रानात शिरते व तेथे हाल होऊन मरते.

1870 नंतर अमेरिकेच्या मैदानांत बायसन नामक रानगव्यांचा संहार चालू होता. 1883 पर्यंत त्यांचे मोठे कळप बहुतेक नामशेष झाले. या प्रकारास पराक्रम म्हणणे आम्हांस तरी जड जाते. परंतु त्या शिकाऱ्यांची एक रीत लक्षात घेण्याजोगी होती. तयार काडतुसे महाग व बाजार दूर. सबब ते शेकोटीवर शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतीत आणि उडालेल्या पितळी पुंगळ्यांत नवी टोपी व दारू घालून त्या पुन्हा भरीत. या काटकसरीतून अकल्पित लाभ झाला. कारखान्याचे काडतूस हरएक बंदुकीत बसावे लागते, म्हणून ते किंचित सैल असते. एकवार उडालेली पुंगळी मात्र दाबाने फुगून आपल्याच बंदुकीच्या घराचे माप घेते. तयार अंगरखा आणि शिंप्याने अंगावर बेतलेला अंगरखा यांत जो फरक, तोच येथे. नळी झिजली असता गोळीच्या बाजूने तप्त वायू निसटतो व नळीत शिसे चिकटू लागते. अशा वेळी थोडी जाड गोळी, शिशात कथील मिसळून ओतली, की टाकाऊ ठरलेली नळीही पुष्कळदा सुधारे. 1884 मध्ये न्यू हेवन येथे जॉन बार्लो याने असे साचे व भरण्याचे चिमटे विकण्याचा कारखाना काढला, आणि ही विद्या घरोघरच्या शिकाऱ्यांपर्यंत पोचली.

तरीही चांगली भरलेली गोळी कधी कधी भरकटे. का, याचे उत्तर शोधण्यात मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड गावच्या डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. पदवी वैद्यकाची, पैसा मिळविला कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे दळण्याच्या यंत्रावर, आणि वेड हे! मनुष्याचा हात व डोळा हिशेबातून वगळावा, म्हणून त्यांनी काँक्रीटच्या चौथऱ्यावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या खाचेत नळी ठेवून बार काढले. वाटेत कागदाचे पडदे उभे करून गोळीचा मार्ग छिद्रांवरून वाचला. मग त्यांनी मुद्दाम गोळ्या बिघडविल्या. टोक बिघडविलेली गोळी बहुधा सरळ गेली. बूड एका बाजूने किंचित तासलेली मात्र बहकली. कारण नळीच्या तोंडातून गोळी बाहेर पडते त्या क्षणी वायू तासलेल्या बाजूने आधी सुटतो व तिला कलता धक्का देतो. आपण ज्या टोकाकडे कौतुकाने पाहतो, ते बिचारे निरपराध!

हे सर्व त्यांनी 1909 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले; 1916 मध्ये ते वारले. प्रसिद्ध नळीकार हॅरी पोप हा गोळी नळीच्या तोंडाकडून आत घाली व दारूची पुंगळी मागून बसवी. आट्यांतून जाताना गोळीवर निघणारी शिशाची कूस त्यामुळे बुडाकडे न येता पुढे टोकाकडे सरे. हाताने गोळ्या ओतणारे लोक आजही साच्यातून निघालेली गोळी उलटी धरून प्रथम तिचे बूड पाहतात, आणि कडा जराशी खंडलेली दिसली की ती पुन्हा कढईत टाकतात.