आमदारकी गेली, घरं उभी राहिली

मागच्या मासिक बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आपला माणूस निवडून आला तरच आपली कामं होतात ना?" उत्तरासाठी आपल्या सोलापूरचीच गोष्ट सांगते.

सोलापूर गिरण्यांचं शहर. पुरुष गिरणीत, नाहीतर यंत्रमागावर. बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, पण त्याचा लाभ पदरात पडायला संघटना लागते. सोलापुरात लाल बावट्याखाली ती बांधणाऱ्यांत पुढे होते नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे ते १९७८ साली आमदार झाले. मग १९९५ आणि २००४ साली पुन्हा. मधल्या काळात पराभवही पाहिले, पण युनियन सोडली नाही.

विडी कामगार बाईची मोठी मागणी होती हक्काच्या घराची. त्यातून शहराबाहेर कुंभारीला दहा हजार घरं उभी राहिली. घर साठ हजारांचं: वीस केंद्राचे, वीस राज्याचे, वीस बाईचे स्वतःचे. वसाहतीला नाव दिलं वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदुताई परुळेकरांचं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. तेव्हा मास्तर आमदार होते.

२००९ साली ते हरले. २०१४, २०१९, २०२४ लाही हरले. तरी कुंभारीलाच रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली, आता विडीवाल्यांबरोबर इतर असंघटित कामगारांसाठीही. पायाभरणी २०१९ साली पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झाली. तेव्हा मास्तरांनी त्यांचं कौतुक केलं, म्हणून पक्षानं केंद्रीय समितीतून त्यांना तीन महिने निलंबित केलं. जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरं कामगारांना मिळाली.

म्हणजे ताई, आमदारकीनं बळ मिळतं हे खरं. पण मोठी योजना आली ती आमदारकी नसताना. हजारो बायकांनी नावं नोंदवली, आपला हिस्सा भरला, मोर्चाला आल्या. ती ताकद निवडणुकीत हरली नाही.

पुढच्या बैठकीला येताना घराचा नमुना आठचा उतारा घेऊन या. आपल्यापैकी कितीजणींचं नाव त्यावर आहे, ते आधी मोजू. ग्रामपंचायतीत कुणी आणि कधी जायचं, ते त्याच दिवशी ठरवू.