समुद्र नाही, तरी पाणी खारं

मी तुमची बचत गटाची सहयोगिनी. आज गोष्ट सांगते आपल्याच विहिरीची.

महात्मा गांधींनी ६ एप्रिल १९३० ला दांडीच्या समुद्रकिनारी मीठ उचललं, हे आपण शाळेत शिकलो. वऱ्हाडात समुद्र कुठला? तरी त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला सत्याग्रहींनी मीठ तयार केलं. कशापासून? विहिरीच्या पाण्यापासून! पूर्णेच्या खोऱ्यात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढायची रीत जुनीच होती.

हाच आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे ९०० गावं. हे पाणी शेताला दिलं की काळी माती आवळते, मग पावसाचं पाणीही मुरत नाही. म्हणून जुनी माणसं विहिरीवर नाही, आभाळावर शेती करत. ज्वारी, तूर, मूग, देशी कपाशी. आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा.

घरातलं शास्त्र बायांकडे होतं. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. माझी आजी डाळीसाठी गोड्या पाण्याची घागर वेगळी ठेवायची. पाऊस उघडला की नाल्याकाठी झिरा खोदायचा, वरवरचं गोडं पाणी वाटीनं भरायचं. कोणत्या काठाला पाणी गोडं लागतं, हे तिला पाठ होतं.

आता पावसाचा भरवसा राहिला नाही. महिनाभराचं पाणी दोन दिवसांत कोसळतं, मग मोठा खंड. चिबडलेल्या शेतात पीक पिवळं पडतं, पाणी मात्र नाल्यानं वाहून जातं. तिकडे समुद्राची पातळी वाढतेय. कोकणात खाडीचं पाणी बांध फोडून भातशेतीत शिरतं. खाऱ्या पाण्याशी कसं जगायचं, हा प्रश्न आता त्या बायांपुढेही आहे. आपल्या आज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोडवला.

नळ आला, झिरे बुजले. नळ हवाच, बाई. डोक्यावरची घागर कोणाला पाहिजे? पण नळ आठ-आठ दिवस आला नाही की झिऱ्याची जागा कोणाला विचारायची? माझी आजी गेली, तिची जागाही तिच्यासोबत गेली. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून एक काम करा. पुढच्या बैठकीला गावातल्या म्हाताऱ्या आजीला बोलवा. गोड्या पाण्याच्या जागा, ओलीवर येणारी पिकं, घरचं बियाणं, सगळं विचारा आणि गटाच्या वहीत लिहा. शेततळं कुठं खोदावं, हे ग्रामसभेत बोलताना तीच वही पुढं ठेवा.

पैशाचा हिशोब आपण लिहितोच. आता पाण्याचाही लिहू.