थंड चुलीचा एक दिवस

उद्याचे अन्न आज शिजवून ठेवणे ही गोष्ट आपल्याकडे फारशा आदराने पाहिली गेलेली नाही. 'शिळे' या एका शब्दातच तिचा निकाल लागतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रहर उलटून गेलेल्या अन्नाची गणना तामस आहारात केलेली आहे. शीतकपाट जेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्या काळी उष्ण हवेच्या देशात या निषेधामागे अनुभवाचे शहाणपण होते हे उघड आहे. असे असूनही काही समाजांनी अन्न आगाऊ रांधून ठेवण्याची प्रथा केवळ सोय म्हणून नव्हे, तर नियम म्हणून पाळली. आज शहरांतील अनेक घरांत आठवड्याच्या जेवणाची तयारी सुटीच्या दिवशीच उरकून ठेवण्याची चाल पडत आहे. अशा वेळी ही जुनी प्रथा कशासाठी होती, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

या प्रथेचा एक फार जुना उल्लेख बायबलच्या निर्गम या पुस्तकात आहे. रानातून वाटचाल करणाऱ्या इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना नावाचे अन्न मिळे. ते त्या दिवसापुरतेच गोळा करावयाचे. लोभाने कोणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवले तर त्यात किडे पडत. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून, भाजून, शिजवून ठेवावयाचे, आणि ते सातव्या दिवशीही चांगले राही. सातवा दिवस विसाव्याचा. हा विसावा कोणाकोणाला द्यावयाचा, याची यादीच पुढील आज्ञेत दिलेली आहे. तीत मुलगा व मुलगी आहेत, दास व दासी आहेत, परका पाहुणा आहे, एवढेच नव्हे तर गुरेढोरेही आहेत. आगाऊ रांधणे हे या विसाव्याचे साधन होते. चूल आदल्या दिवशी राबली, म्हणूनच दुसऱ्या दिवशी ती थंड राहू शकली.

पुढे यहुदी लोक देशोदेशी पांगले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्यांच्या घरांत या नियमाला साजेसे पदार्थ तयार झाले. स्पेनमधील घरांतून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हरभरे व मांस यांचे भांडे निखाऱ्यांत पुरून ठेवीत. रात्रभर मंद आचेवर शिजलेले ते अन्न शनिवारी उघडावयाचे. त्याचे नाव 'आदाफीना'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'पुरलेली' असाच आहे.

याच भांड्याने पुढे अनेक कुटुंबांचा घात केला. १४९२ साली स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर घालविले आणि १४९७ साली पोर्तुगालने त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. हे नवख्रिस्ती गुप्तपणे जुना धर्म पाळतात काय, हे शोधण्यासाठी इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले. कोणत्या खुणांवरून माणूस ओळखावा, हे जाहीरनाम्यांतून लोकांना सांगितले जाई. त्या खुणांत शनिवारी स्वच्छ वस्त्रे नेसणे व शनिवारचे अन्न शुक्रवारीच रांधणे यांचा समावेश होता. शेजाऱ्याने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर नजर ठेवावी, मोलकरणीने धन्याच्या चुलीची साक्ष द्यावी, अशी स्थिती आली. हे न्यायपीठ १५६० साली गोव्यातही आले आणि मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत टिकले. भारतीय औषधी वनस्पतींवर १५६३ साली गोव्यात ग्रंथ प्रसिद्ध करणारा विद्वान वैद्य गार्सिया द ओर्ता हा अशाच घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ साली गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द त्याच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. सातव्या दिवसाच्या विसाव्याची एवढी किंमत माणसांनी मोजलेली आहे.

त्याच सुमारास गोव्याच्या उत्तरेला, कोकणात, हाच नियम निर्धास्तपणे पाळणारा एक समाज नांदत होता. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल लोक मराठी बोलत, गावकऱ्यांसारखाच पेहराव करीत आणि तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. माणसांबरोबर घाण्याच्या बैलालाही त्या दिवशी विसावा मिळे. बैलाचे नाव आज्ञेच्या यादीत होतेच! ज्या खुणेवरून इतरत्र माणसे पकडली जात, त्याच खुणेवरून कोकणाने त्यांना केवळ एक आडनावासारखे नाव दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

थंड चुलीचा दिवस हिंदू घरांतही अपरिचित नाही. बडोद्याच्या मराठी माणसाला श्रावण वद्य षष्ठीची 'रांधण छठ' ठाऊक असते. त्या दिवशी पुऱ्या, वडे, थेपले करून ठेवतात, रात्री चूल निववून तिची पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमीला, घरात थंडच अन्न खातात. माळव्यात होळीनंतर सातव्या-आठव्या दिवशी येणारा 'बासोडा' याच जातीचा. त्याच्या नावातच 'बासी' म्हणजे शिळे आहे; पण तो शब्द तेथे देवीचा नैवेद्य होऊन बसला आहे. ही शीतळा म्हणजे देवीच्या रोगाची अधिष्ठात्री. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, तरी चुलीला विसावा देणारा दिवस राहिला.

या सर्व प्रथांत रांधणारीचे ज्ञानही दिसून येते. काय टिकते आणि काय विटते, याचा तिने बारकाईने विचार केलेला आहे. प्रवासाला निघणाऱ्याच्या शिदोरीत दशमी असे. कारण पाण्याऐवजी दुधात पीठ भिजविले की ती अधिक काळ मऊ राहते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत सोरपोतेल नाताळच्या दोन-तीन दिवस आधी करून रोज उकळी देऊन ठेवतात. माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याची आंबटी ते टिकविते, आणि मुरल्यावर त्याची चवही वाढते. तळणे, आंबट घालणे, पाण्याचा अंश कमी ठेवणे, हे तिचे शास्त्र होते.

आता ते काम शीतकपाटाने आपल्याकडे घेतले आहे. तथापि यंत्रालाही मर्यादा आहेत. शिजलेले अन्न त्यात साधारणपणे ३ ते ४ दिवसच भरवशाचे राहते. भात बाहेर तासन्‌तास राहिला, तर शिजूनही न मरणाऱ्या जिवाणूंची बीजे त्यात वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा तापविल्यानेही जात नाही. म्हणून आठवड्याचे सगळे जेवण एकदम रांधून ठेवण्यापेक्षा वाटणे, निवडलेल्या भाज्या, भिजविलेली कडधान्ये यांची तयारी करणे अधिक सुज्ञपणाचे होय.

परंतु खरा प्रश्न याहून निराळा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. गिरणीचे चाक थांबले. कामगाराच्या घरची चूल मात्र त्या दिवशीही पेटलेलीच राहिली. जुन्या प्रथेत सहा दिवसांपैकी एक दिवस जास्त राबून सातवा दिवस मोकळा केला जाई. आजच्या नव्या चालीत नेमका तो सातवाच दिवस पुढल्या सहा दिवसांच्या चिरण्या-शिजविण्यात खर्ची पडतो, आणि बहुधा एकाच व्यक्तीचा. साधन तेच राहिले, हेतू मात्र हरवला. विळीवर, परातीवर घरातील सर्वांचे हात पडले, काम शनिवारी रात्रीच आटोपले, तर रविवारी चूल थंड ठेवता येईल. विसाव्याच्या त्या प्राचीन यादीत दासीचे नाव आहे, बैलाचाही उल्लेख आहे. रांधणारीचे नाव तीत आहे असे मानणे आणि तसे वागणे, एवढेच घरच्यांना करावयाचे आहे.