स्तन्य, पूरक आणि अपुऱ्या दिवसांचे बालक : मुंबई–रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

अपुऱ्या दिवसांच्या बालकाला काय पाजावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. त्याचा इतिहास मात्र निराळे सांगतो. या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत किमान तीन वेळा बदलले, आणि प्रत्येक वेळी त्या बदलामागे बालकाविषयीची एक वेगळी कल्पना होती. कधी त्याचे वजन हे यशाचे माप ठरले, कधी त्याचे आतडे, तर कधी त्याचे पुढील आयुष्य. मुंबई बंदर आणि त्यासमोरील रायगड किनारा यांच्या संदर्भात या बदलांचा मागोवा घेणे उद्बोधक ठरते. कारण आशियातील पहिली मातृदुग्धपेढी ज्या रुग्णालयात स्थापन झाली, ते या किनाऱ्यापासून एका खाडीच्या अंतरावर आहे.

दुसऱ्या स्त्रीचे स्तन्य बालकाला देण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नव्हती. चरक आणि सुश्रुत यांच्या शारीरस्थानांत धात्रीची निवड व स्तन्याची परीक्षा यांचे विवेचन आढळते. काश्यपसंहितेत तर स्तन्याचा विचार विशेष विस्ताराने केलेला आहे. ज्या गडाच्या नावावरून कुलाबा जिल्ह्याला १९८१ साली ‘रायगड’ हे नाव देण्यात आले, त्याच गडावर त्यापूर्वी बरोबर तीनशे वर्षे, म्हणजे १६८१ मध्ये, संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांना बालपणी दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊचे नाव मराठी परंपरेने आजवर जपले आहे. तथापि धात्रीची ही प्रथा मोठ्या घरांपुरती होती. सामान्य घरात आईचे दूध आले नाही, तर शेजारीण वा जाऊ यांच्या कृपेवर किंवा वरच्या दुधावर मूल वाढे, नाहीतर दगावे. शिवाय पहिला चीक पिळून टाकण्याची आणि त्याऐवजी मध, गूळपाणी वा गुटी चाटवण्याची चाल अनेक ठिकाणी होती. स्तन्याचा गौरव आणि त्यातील सर्वांत मौल्यवान भागाचा त्याग या दोन गोष्टी एकाच घरात सुखेनैव नांदत होत्या.

युरोपात या विषयाला संस्थात्मक रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. पॅरिसच्या प्रसूतिगृहात तार्निए याने १८८० च्या सुमारास उबपेटी वापरात आणली. त्याचा शिष्य बुदँ याने ऊब, आहार आणि जंतुसंसर्गापासून रक्षण या तीन गोष्टींवर दुर्बल अर्भकांची शुश्रूषा उभी केली. १९०९ साली व्हिएन्ना येथे पहिली मानवी दुग्धपेढी निघाली. या काळात स्तन्याचे श्रेष्ठत्व गृहीत होते. पुढे १९४७ साली गॉर्डन, लेव्हाइन आणि मॅक्‌नमारा या अमेरिकन संशोधकांनी अपुऱ्या दिवसांची मुले स्तन्यापेक्षा अर्धवट साय काढलेल्या गाईच्या दुधावर अधिक वेगाने वजन घेतात, असे दाखविले. निष्कर्ष खोटा नव्हता. त्यातून काढलेला अर्थ मात्र अपुरा होता. वजनाचा काटा हाच निर्णायक पंच मानला गेल्यामुळे नवजात विभागांतून स्तन्य हळूहळू मागे पडले.

याच सुमारास नव्या साधनांमुळे अधिकाधिक लहान बालके जगू लागली, आणि एक भयंकर विकार वारंवार दृष्टीस पडू लागला. १९६५ साली न्यूयॉर्क येथील मिझराही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, म्हणजे आतड्याचा दाह होऊन त्याचा काही भाग कुजणे, हाच तो विकार. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे आतडे लांबीने लहान असते, एवढाच त्याचा दोष नव्हे. त्याची हालचाल मंद असते, आतील श्लेष्मल आवरण पातळ असते, जंतूंना रोखणारी व्यवस्था अपक्व असते आणि हितकर जंतूंची वस्ती अद्याप बसलेली नसते. स्तन्य येथे केवळ अन्न राहत नाही. त्यातील प्रतिद्रव्ये आणि लॅक्टोफेरिन रोगजंतूंना अटकाव करतात. त्यातील अल्पशर्करा बालकाला पचत नाहीत, परंतु बिफिडो जातीच्या जंतूंना त्या पोसतात. बालकाला न पचणारा पदार्थ त्याच्या आहारात निसर्गाने का ठेवला, या कोड्याचे उत्तर अशा रीतीने त्याच्या आतड्यातील पाहुण्यांत सापडले.

पुराव्याची दिशा यानंतर पालटली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात इंदिरा नारायणन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कमी वजनाच्या बालकांत जंतुसंसर्ग ताज्या स्तन्यावर सर्वांत कमी आणि पाश्चरीकृत स्तन्याला कृत्रिम दुधाची जोड दिली असता सर्वांत अधिक आढळला. १९९० साली लुकास आणि कोल यांनी ९२६ बालकांचा अभ्यास मांडला. केवळ कृत्रिम दुधावर वाढलेल्या बालकांत आतड्याचा उपरोक्त विकार केवळ स्तन्यावर वाढलेल्यांपेक्षा सहा ते दहा पट अधिक होता.

मुंबईची घटना या दोन प्रकाशनांच्या मधली आहे. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू झाली. तिचे महत्त्व केवळ ‘आशियातील पहिली’ या बिरुदात नाही. गर्दीच्या, तुटपुंज्या साधनांच्या सार्वजनिक रुग्णालयात, जेथे बाटली आणि पावडर हीच संसर्गाची वाट होती, तेथे उपाय परदेशी यंत्रात न शोधता वॉर्डातील बाळंतिणींत शोधला गेला, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. धाराऊच्या काळी दात्री आणि बालक यांचे नाते नावानिशी होते. पेढीने ते निनावी केले. त्याबरोबरच त्याला शिस्तही आली : दात्रीची रक्ततपासणी, ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे पाश्चरीकरण, जंतुपरीक्षा आणि शीतसाठा. या प्रक्रियेत अल्पशर्करा टिकतात. प्रतिद्रव्यांचा काही भाग आणि स्निग्धांश पचविणारे विकर मात्र नष्ट होते. म्हणूनच आईचे स्वतःचे ताजे दूध पहिले, दात्रीचे दुसरे, हा क्रम पेढीनेही मोडलेला नाही.

येथवर स्तन्याचा विजय पूर्ण झालेला दिसतो. परंतु १९४७ च्या निष्कर्षात जो सत्यांश होता, तो याच टप्प्यावर परत आला. एक किलो वजनाच्या बालकाला दिवसाला १८० मिलिलिटर दूध दिले असे धरू. दात्री बहुधा पूर्ण दिवसांची, प्रसूतीला काही काळ लोटलेली माता असते. तिच्या दुधात १०० मिलिलिटरमागे सुमारे ०.९ ग्रॅम प्रथिन असते. म्हणजे बालकाला मिळाले सुमारे १.६ ग्रॅम, गरज मात्र ३.५ ते ४ ग्रॅमची. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या आईचे पहिल्या काही आठवड्यांतले दूध प्रथिनाने अधिक संपन्न असते, पण पुढे तेही उतरते. गर्भाच्या शरीरातील कॅल्शियमपैकी सुमारे ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत साठते; ते महिनेच या बालकाला लाभलेले नसतात. जे दूध आतडे राखते, तेच हाडांना आणि वाढीला पुरत नाही, असा हा पेच आहे.

पूरकाचा उगम या पेचातून झाला. स्तन्यात प्रथिन, कॅल्शियम, फॉस्फरस आणि जीवनसत्त्वे यांची भुकटी मिसळण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकांत रूढ झाली. यातील ऐतिहासिक विसंगती लक्षणीय आहे. बहुतेक पूरके गाईच्या दुधापासून बनतात. म्हणजे ज्या पदार्थाला आतड्याच्या भयाने दाराबाहेर काढले, तोच चिमटीच्या प्रमाणात पुन्हा घरात आला. त्याची भीती निराधार आहे काय? २०२० सालच्या कॉक्रेन समीक्षेत १८ प्रयोगांचा एकत्र विचार झाला. पूरकामुळे रुग्णालयातील वाढीचा वेग थोडा वाढतो, असे तिच्यात आढळले. आतड्याच्या विकारात वाढ होते असे सिद्ध झाले नाही, पण पुरावा निःशंक म्हणावा इतका बळकटही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीही याच सावध मार्गाने जातात : सर्वांना सरसकट पूरक नको, ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दीड किलोहून कमी वजनाच्या बालकांत त्याचा विचार करावा.

रायगड किनाऱ्यापुरते पाहता या इतिहासाला भूगोलाची जोड द्यावी लागते. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन हे तालुके मुंबईला जवळचे दिसतात, परंतु मध्ये खाड्या आहेत. गेटवे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. अत्यवस्थ बालक मुंबईला हलविले आणि बाळंतीण मागे राहिली, तर ज्या औषधाची त्याला सर्वाधिक गरज असते, तेच मागे राहते. वारंवार दूध न काढल्यास ते लवकरच आटते. केंद्र शासनाने २०१७ साली दुग्धपान-व्यवस्थापन केंद्रांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये यांना त्यांत स्थान आहे, आणि अलिबाग येथे २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे मुंबईतील अनुभव खाडीपलीकडे नेण्याची चौकट आज उपलब्ध आहे. मात्र केवळ पेढीचा शीतकपाट आणि पूरकाच्या पुड्या आणून हे साधणार नाही. आईला बालकाशेजारी खाट, दिवसातून आठ-दहा वेळा दूध काढण्यास मदत करणारी परिचारिका आणि बालकाबरोबर आईलाही नेणारी रुग्णवाहिका, हा त्या व्यवस्थेचा पाया होय.

स्तन्य आणि पूरक हे प्रतिस्पर्धी नाहीत, हा या इतिहासाचा निष्कर्ष म्हणता येईल. त्यांचा क्रम मात्र उलटवता येत नाही. आधी आतडे राखावयाचे, मग हाडे भरावयाची. १९४७ च्या संशोधकांनी मोजले ते खरे होते. पण काय मोजावयाचे राहून गेले, हे कळण्यास पुढील चार दशके आणि अनेक बालकांचे प्राण खर्ची पडले.