नरक्यापासून कॅन्सरचं औषध बनतं, मग त्याचा काढा का चालत नाही?

सह्याद्रीच्या जंगलातून चोरून नेलेली नरक्याची लाकडं पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गात आढळणारं हे लहानसं झाड. फुलांना घाण वास येतो म्हणून नाव नरक्या, असं सांगतात. ते ना फर्निचरच्या कामाचं, ना शोभेचं. तरीही त्याची तस्करी होते, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन हे रसायन असतं.

१९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या टीमने अमेरिकेत ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. यातले वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे! (टॅक्सॉल हे प्रसिद्ध औषधही याच जोडीचा शोध.) १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना तेच रसायन नरक्यात सापडलं.

ते करतं काय? पेशीचे दोन भाग होण्याआधी तिच्या डीएनएची नक्कल होते. त्यावेळी डीएनएला पडणारा पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम त्याचा एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन या एन्झाइमला कापलेल्या जागीच अडकवून ठेवतं. धागा जोडला जात नाही, नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते.

कॅन्सरच्या पेशी सतत विभागतात, त्यामुळे त्यांना जबर फटका बसतो. पण अस्थिमज्जा आणि आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशीही वेगाने विभागतात. हे रसायन त्यांनाही सोडत नाही. खरी अडचण इथेच आहे.

१९७० च्या दशकात रुग्णांवर चाचण्या झाल्या, तेव्हा पांढऱ्या पेशी घटल्या, मूत्राशयाला इजा झाली. चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान तयार झाली. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे शोधानंतर तब्बल ३० वर्षांनी. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ती आज वापरली जातात. तीही रक्ततपासण्या करत, मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

त्यामुळे ‘अमुक वनस्पतीने कॅन्सरच्या पेशी मारल्या’ असा फॉरवर्ड आला, तर कुठे मारल्या हे आधी बघावं. काचेच्या बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. नरक्याच्या काढ्यात तर रसायन किती उतरलं हेच कळत नाही आणि थोडं जास्त झालं तरी ते विषच.

झाड वाचवण्याच्या दृष्टीने २००५ मध्ये एक आशा दिसली. नरक्याच्या सालीत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन सापडलं. पण अशा बुरश्या प्रयोगशाळेत वाढवत नेल्या की त्यांची रसायन बनवण्याची क्षमता घटत जाते. त्यामुळे कुऱ्हाड अजून झाडावरच पडते आहे.