सर्पगंधा, मेंदू आणि परिचारिका

वेड लागलेल्या माणसाला सर्पगंधेच्या मुळीचे चूर्ण देण्याची चाल बिहार आणि बंगालकडे फार जुनी आहे. तिकडे या मुळीला ‘पागल की दवा’ असेच नाव पडले होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तिचे दोन गुण त्यांनी एका दमात सांगितले होते : ती उन्माद शमविते आणि वाढलेला रक्तदाब उतरविते. एकाच मुळीने डोके शांत व्हावे आणि रक्तवाहिन्यांचा ताणही उतरावा, यांतील दुवा कोणता, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते. तो हाती येण्यास पाव शतक लागले. आणि तो आला तेव्हा मनोरुग्णाच्या खाटेशी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेचे कामही पार बदलून गेले होते.

या दुव्याचे एक टोक मात्र तोवर युरोपात सापडलेले होते. ऑस्ट्रियातील ग्रात्स या गावी ऑटो लोवी नावाचे एक प्राध्यापक होते. मज्जातंतू स्नायूला निरोप पोहोचवितो तो विजेने की रसायनाने, हा त्या काळचा मोठा वाद. १९२१ साली एका रात्री त्यांना झोपेत एक प्रयोग सुचला. उठून त्यांनी तो कागदावर खरडला. सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदये त्यांनी मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. एका हृदयाच्या मज्जातंतूला विजेचे टोचण दिले, तेव्हा त्याची गती मंदावली. मग त्याच्या भोवतीचे पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडले. त्या हृदयाला कोणीही हात लावलेला नव्हता. तरी तेही मंदावले. निरोप पाण्यातून गेला होता. ते द्रव्य म्हणजे असेटिलकोलिन होय, हे पुढे सिद्ध झाले आणि १९३६ साली लोवी व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेत विज्ञान शिकविताना मुलांना सांगण्याजोगी याहून सुरस गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही. मेंदूतील एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये सूक्ष्म फट असते, आणि त्या फटीतून ही रासायनिक द्रव्ये जासुदासारखी पलीकडे जातात, हे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. त्यांना चेतापारेषक म्हणतात.

आता पुन्हा सर्पगंधेकडे वळू. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या गुणांविषयीचा आपला अनुभव एका ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात मांडला, आणि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. १९५३ मध्ये वडोदऱ्यास भरलेल्या वैद्यक परिषदेत डॉ. हकीम यांनी मनोविकारांवरील देशी औषधांविषयी निबंध वाचला, आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी आपल्या मनोरुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला.

अखेर तो दुवा सापडला. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५५ साली आढळले की, रेसर्पीन दिल्यावर प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा रिता होतो. त्यांच्याकडे काही काळ काम करून स्वीडनला परतलेले आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पीन दिले. ससे कान पाडून निपचित बसले. त्यांना सेरोटोनिन ज्यापासून बनते ते द्रव्य देऊन उपयोग झाला नाही. परंतु डोपामीन ज्यापासून बनते ते एल-डोपा टोचताच थोड्या वेळात ससे उठून फिरू लागले. डोपामीन हा मेंदूतील स्वतंत्र जासूद आहे, हे असे उघड झाले. रेसर्पीन रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतील नॉरॲड्रेनलीन रिकामे करते, म्हणून रक्तदाब उतरतो; तेच मेंदूतील साठेही रिकामे करते, म्हणून उन्माद शमतो. सेन आणि बोस यांचे दोन गुण असे एकाच कारणाला येऊन मिळाले. कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र २००० साली.

दरम्यान पॅरिसमध्ये दुसरे औषध पुढे आले होते. आंरी लाबोरी या नौदलातील शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण शांत व्हावा म्हणून क्लोरप्रोमझीन वापरले. १९५२ साली झां दले व प्येर देनिकेर यांनी सेंत-आन रुग्णालयात ते मनोरुग्णांना दिले, आणि ज्या वॉर्डांत रात्रंदिवस आरडाओरडा चाले तेथे शांतता आली. तोवर अशा वॉर्डांत हातापायांना बांधणे, कोंडून ठेवणे, इन्शुलिनने बेशुद्ध करणे, विजेचे झटके देणे हेच उपाय होते. परिचारिकेच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, आणि तिचे निम्मे काम पहारेकऱ्याचे असे. आपल्याकडे तर खाटाच तुटपुंज्या होत्या : १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार.

औषधांमुळे रुग्णाचे दोर सुटले. पण नवे कोडे उभे राहिले. डोपामीन मेंदूत एकाच वाटेने जात नाही. एका वाटेवर तो भावना व विचार यांच्याशी निगडित आहे, दुसरीवर स्नायूंच्या हालचालींशी, तिसरीवर स्त्रीच्या दुधाशी. औषध सर्वच वाटा अडविते. म्हणून भास थांबलेल्या रुग्णाचे हात कंपवाताप्रमाणे थरथरू लागतात, चेहरा लाकडासारखा होतो. स्त्री रुग्णाची पाळी थांबते, क्वचित दूधही येते. आणि आधीच भ्रमात असलेली बाई आपल्याला दिवस गेले आहेत असे समजू शकते. हे ती डॉक्टरांना सांगत नाही. सांगितलेच तर सिस्टरला सांगते. इंजेक्शननंतर एखाद्या तरुणाची मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर जातात. घरच्यांना ती भूतबाधा वाटते, नवख्याला ढोंग वाटते. मेंदूत डोपामीन अडला की असेटिलकोलिनचे पारडे जड होते. ते उतरविणारे औषध टोचले की बहुधा काही मिनिटांत मान सरळ होते. म्हणजे लोवींच्या बेडकाचेच द्रव्य येथे खाटेशी भेटते!

परंतु माझ्या मते सर्वांत कसोटीचा प्रसंग वेगळाच आहे. हाश्कोवेत्स या प्राग येथील वैद्यांनी १९०१ साली, म्हणजे ही औषधे येण्याच्या अर्धशतक आधी, स्वस्थ बसताच न येण्याच्या एका अवस्थेला अकथिसिया असे नाव दिले होते. नव्या औषधांनी ती अवस्था शेकडो रुग्णांत निर्माण केली. रुग्ण उठतो, बसतो, पुन्हा उठतो, उभ्या जागी पाय बदलतो, रात्रभर येरझारा घालतो. त्याच्या आतून जी तगमग होते ती इतकी असह्य असते की, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. पाहणाऱ्याला मात्र ते वेडच वाढलेले दिसते. अशा वेळी परिचारिकेने नोंदवहीत ‘रुग्ण अस्वस्थ, ऐकत नाही’ एवढेच लिहिले, तर सकाळी डॉक्टर औषध वाढवितात. आणि औषध वाढले की तगमग वाढते. त्याऐवजी तिने जवळ बसून विचारले, ‘मनात भीती वाटते का, की पायांतच वळवळ होते?’ आणि लिहिले : ‘बसता येत नाही, तक्रार पायांची, औषध वाढविल्याच्या दुसऱ्या दिवसापासून’, तर तेच डॉक्टर औषध कमी करतात. एकाच रुग्णाचे एकाच रात्रीचे हे दोन अहवाल. त्यांतून निघणारे उपचार परस्परविरुद्ध. डॉक्टरांची फेरी अर्ध्या तासात संपते. रात्र परिचारिकेच्या वाट्याला येते.

बाकीची कामे लहान वाटतात, पण तीही याच रसायनाची आहेत : आडवे असताना व उभे राहिल्यावर रक्तदाब निराळा मोजणे, एकदम उठून घेरी येऊ नये म्हणून रुग्णाला आधी खाटेच्या कडेवर बसविणे, लिथियम घेणाऱ्याला उलट्या-जुलाब होताच तातडीने कळविणे.

१९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक वकील, क्लाइन, नोस, लाबोरी, देनिकेर व लेमन या सहा जणांना विभागून मिळाले. एका भारतीयाचे नाव त्यात आहे याचा आनंद आहेच. परिचारिका मात्र त्यात एकही नाही. तरीही क्लोरप्रोमझीनच्याच वर्षी, १९५२ मध्ये, हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने परिचारिका व रुग्ण यांच्या संबंधांवर ग्रंथ लिहून, रुग्णाशी होणारे संभाषण हे परिचर्येचे खरे साधन होय, असे प्रतिपादन केले होते. आपल्या देशात १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि तेथे परिचारिकांसाठी मनोरुग्णसेवेचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली. त्याच कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची स्वतंत्र व्याख्या आहे.

रेसर्पीन आज मनोरुग्णांना देत नाहीत. नवी औषधे आली आहेत. त्यांपैकी काहींचे इंजेक्शन महिन्यातून एकदाच घ्यावे लागते, आणि उरलेले एकोणतीस दिवस रुग्ण घरी असतो. म्हणून घरी पाठविताना चांगली सिस्टर आईला किंवा पत्नीला दाराशी थांबवून विचारते, ‘जेवताना याचा हात कापतो का, ते पाहाल ना? आणि रात्री हा बसतो की फिरत राहतो?’