अब्बांची बंदूक घरात राहिली. आता वारसांनी काय करायचं?

मय्यतीनंतरचे पहिले काही आठवडे घरात कुणाला कागदपत्रांची शुद्ध नसते. मग कधीतरी माळ्यावरची पेटी उघडली जाते आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली बारा बोअरची दुनळी बंदूक समोर येते. सोबत परवान्याचं फाटकं पुस्तक आणि चार-पाच काडतुसं. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या अनेक घरांत अशा बंदुका आहेत. कुणाच्या आजोबांनी पिकाच्या राखणीसाठी घेतलेली, कुणाच्या घरी शिकारीच्या जमान्यातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, बंदूक मात्र राहिली.

वाचक आम्हाला विचारतात तेव्हा पहिला प्रश्न "ही आता कुणाची?" असा असतो. पण त्याआधी दुसरी गोष्ट समजून घ्यायला हवी. बंदूक वारशात मिळते, परवाना मिळत नाही. परवाना एका माणसाच्या नावाचा असतो आणि त्याच्या इंतकालाबरोबर संपतो. म्हणजे मरहूम अब्बांची बंदूक अम्मीच्या किंवा मुलांच्या मालकीची असली, तरी परवान्याशिवाय ती घरात ठेवण्याचा हक्क त्यांना नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही, तर विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं आणि दंड अशी आहे. ताब्यासाठी वस्तूची जाणीव असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात म्हटलं होतं. पण पेटी उघडून बंदूक पाहिल्यावर "आम्हाला माहीतच नव्हतं" हे म्हणता येत नाही.

आता मनातली भीती. ती आम्हाला ठाऊक आहे. "आपण बंदूक घेऊन ठाण्यात जायचं? उद्या कुणी काय अर्थ काढेल?" या भीतीपोटी काही जण बंदूक परत माळ्यावर ठेवतात, काही जण विहिरीत किंवा खाडीत टाकायचा सल्ला देतात. हा सल्ला सगळ्यात वाईट. बंदुकीचा नंबर सरकारी नोंदीत आहे. निवडणूक आली की परवानाधारकांची यादी काढून शस्त्रं जमा करायला सांगतात. त्या दिवशी हवालदार दारात उभा राहील आणि तुमच्याकडे ना बंदूक असेल ना पावती. हरवलेल्या बंदुकीचा खुलासा देणं जमा केलेल्या बंदुकीपेक्षा कितीतरी अवघड.

म्हणून बंदूक खांद्याला लावून निघू नका, आधी कागद न्या. मृत्यूचा दाखला, परवान्याची झेरॉक्स आणि एक साधा अर्ज: आमचे वडील अमुक तारखेला वारले, त्यांच्या नावावर या नंबरची बंदूक आहे, ती जमा करायची आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. बंदूक कधी आणि कशी आणायची, की पोलीस घरी येऊन नेणार, हे त्यांनाच सांगू द्या. जाताना गावचे पोलीस पाटील किंवा ओळखीचे वकील सोबत असले तर बरं. अर्जाची एक प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयालाही द्या. जिल्ह्यात ते जिल्हाधिकारी कार्यालय असतं. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलीस आयुक्तालय. जमा करताना पावतीवर बनावट, बोअर, नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. काडतुसंही कायद्यात येतात, हे लोक विसरतात. बंदुकीचे फोटोही काढून ठेवा. ठाण्याच्या कोठारात वर्षानुवर्षं पडून लाकूड खराब होतं आणि लोखंड गंजतं, म्हणून बंदूक चांगली असेल तर विक्रेत्याकडे ठेवणं आम्हाला जास्त पटतं. तो महिन्याचं भाडं घेतो, ते आधी विचारून घ्या.

त्याआधी हात लावण्याबद्दल थोडं. मुलांना खोलीबाहेर काढा. जुनी बंदूक रिकामीच असेल असं धरून चालू नका. दुनळी मधून मोडून पाहता येते. नळी माणसाकडे नको, बोट घोड्यावर नको. उघडत नसेल तर जोर लावू नका. ठासणीची बंदूक असेल तर तिला हातच लावू नका, कारण तिच्यात बार भरून ठेवलेला असतो आणि बाहेरून काही कळत नाही. दारू वर्षानुवर्षं कोरडी राहू शकते. अर्जात "भरलेली असू शकते" असं लिहा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. "एकदा चालवून बघू" हा मोह तर अजिबात नको. जुन्या विलायती बंदुकांपैकी बऱ्याच काळ्या दारूच्या काडतुसांसाठी बनल्या होत्या. त्यांचं घर अडीच इंचाचं असतं, आजची काडतुसं साधारण पावणेतीन इंचांची. आत बसलं म्हणजे चालेल असं नाही, नळी फाटू शकते.

जमा झाल्यावर घाई संपते. मग घरच्यांनी बसून ठरवायचं.

ठेवायची असेल तर वारसांपैकी एकाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ वारसांसाठीच आहे. मुलगाच हवा असं काही नाही, मुलगी किंवा पत्नीही अर्ज करू शकते. अर्जदार २१ वर्षांचा हवा, त्याच्यावर पोलीस अहवाल मागवतात, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. बाकीच्या वारसांचं नाहरकत पत्रही तयार ठेवा. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका राहू शकत नाहीत. वारशाने आलेली त्यातच धरतात. नकार आला तर गप्प बसू नका. कारणं लेखी मागा, कलम १८ खाली मुदतीत अपील करता येतं. कुवेत किंवा दुबईत असलेल्या भावाच्या नावावर करू म्हणणाऱ्यांना आमचा सल्ला एवढाच की जो इथे राहत नाही, त्याच्या नावावर बंदूक घेऊन ती सांभाळणार कोण?

विकायची असेल तर गिऱ्हाईक परवानाधारक किंवा अधिकृत विक्रेताच हवा. खाजगी माणसाला द्यायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. विक्रेत्याला देणं सोपं. किमतीबद्दल फार स्वप्नं पाहू नका. नळीवर बर्मिंगहॅमचं नाव दिसलं की लाखांच्या गोष्टी सुरू होतात, पण नुसत्या नावावर किंमत ठरत नाही. नळीची आतली स्थिती, बिजागरी आणि परवान्याचे कागद बघून ठरते. दोन विक्रेत्यांना दाखवा.

कुणालाच नको असेल तर सरकारजमा करायचा अर्ज द्या. ठरलेल्या मुदतीत कुणी परत घेतली नाही किंवा विकली नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती सरकारजमा होतेच, पण स्वतःहून लिहून दिलं की पावती हातात राहते. काही जण सांगतात, जुनी आणि मोडकी बंदूक कायद्यात येत नाही. कलम ४५ मध्ये सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्रापुरती. तुमची तशी आहे की नाही हे तुम्ही ठरवू नका. परवाना कार्यालयाकडून लेखी घ्या, मगच भिंतीवर टांगा.

परवान्याचा कागदच सापडत नसेल तर ठाण्यातल्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र नोंदी शोधायला लावा. तिथेही काही नसेल, तर आधी वकील, मग अर्ज. अशा वेळी बंदूक घेऊन स्वतः कुठेही जाऊ नका.

आता हिश्शाचं. इथेच घरं दुखावतात. बंदूक ही तरक्याचाच भाग आहे. मरहूमचं कर्ज, मग एक तृतीयांशपर्यंतची वसीयत, त्यानंतर उरलेल्यात सगळ्यांचा वाटा. "बंदूक मर्दांची चीज" म्हणून बहिणीकडून नुसती सही घ्यायची, हे आम्ही बऱ्याच घरांत पाहिलं आहे. सही परवान्यासाठी असते, तिने हिस्सा सोडला असा त्याचा अर्थ नाही. समजा विक्रेत्याने २४,००० रुपये किंमत सांगितली, आणि मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आहेत, मरहूमचे आई-वडील हयात नाहीत. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ३,०००. उरलेल्या २१,००० चे पाच भाग: प्रत्येक मुलाला ८,४००, मुलीला ४,२००. ज्या भावाला बंदूक ठेवायची आहे, त्याने स्वतःचे ८,४०० वजा करून बाकीच्यांचे पैसे द्यावेत. बहिणीने खुशीने सोडलं तर तिचा हक्क, पण तिला आधी रक्कम सांगा. कोऱ्या मनाने घेतलेली माफी आणि दस्तरख्वानावर सगळ्यांसमोर मागितलेली माफी यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात ती नाही म्हणूच शकत नाही. किचकट वाटलं तर मुफ्तीसाहेबांकडून वाटणी लिहून घ्या. भाऊ-बहिणी नीट बोलत असताना हे काम तासाभराचं असतं.

ज्यांचे अब्बा किंवा दादा अजून हयात आहेत, त्यांना नियम २५ ची दुसरी सोय कळायला हवी. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं राहिली, यातलं जे आधी होईल तेव्हा ते स्वतः वारसाचं नाव सुचवून परवाना त्याच्याकडे देण्याचा अर्ज करू शकतात. त्याच वेळी त्यांच्या परवान्यावर युनिक नंबर चढलेला आहे का तेही बघून घ्या. जुन्या हाताने लिहिलेल्या पुस्तकांत तो बऱ्याचदा नसतो, आणि तो नसेल तर परवाना वैध धरत नाहीत. दादांना हा विषय काढणं जड जातं, "मी अजून बसलोय ना" म्हणतात. त्यांना बंदुकीऐवजी तिची गोष्ट विचारा, कुठून घेतली, किती रुपयांना, कोणत्या साली. परवान्याचं पुस्तक ते स्वतःच काढून दाखवतील.